घरी केलेल्या शॅम्पूच्या वडीने न्हाल्यावर केस मेणचट राहत असतील, तर काय तपासावे

केस धुऊन पूर्ण वाळल्यावरही हात फिरवला की बोटांना मेण लागल्यासारखे वाटते. टाळूवरचे केस बरे असतात, पण मानेवरचे आणि कानांमागचे केस एकमेकांना धरून राहतात व त्यांच्या जाड बटा पडतात. बारीक दातांच्या फणीने विंचरले की दातांच्या बुडाशी करडा-पांढरा थर जमतो. तो नखाने काढून चिमटीत चोळला तर विरघळत नाही, नुसता पसरतो. केसांची चमक जाते, आणि टोके कोरडी असताना वरचा भाग मात्र तेल थापल्यासारखा दिसतो. या तक्रारीची सर्वांत ठळक खूण अशी, की पहिली दोन-तीन न्हाणी उत्तम जातात, केस हलके वाटतात, आणि बिघाड चौथ्या-पाचव्या न्हाण्यापासून सुरू होतो.

यांपैकी तीन-चार लक्षणे एकत्र दिसत असतील, तर पुढील तपासण्या त्यासाठीच आहेत. डोक्याची आग होणे, लाल चट्टे, लस येणे किंवा पुंजक्या-पुंजक्याने केस गळणे ही लक्षणे निराळी आहेत. ती असणाऱ्यांनी थेट शेवटचा भाग वाचावा आणि तोवर वडी बाजूला ठेवावी.

मी गेली नऊ वर्षे तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून केसांच्या वड्या घरी करते आणि नात्यात, शेजारीपाजारी देते. या काळात माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा आलेली तक्रार हीच आहे, आणि माझ्या स्वतःच्या केसांनाही ती तीनदा झालेली आहे. "केसांना सवय व्हायला महिना-दीड महिना लागतो, तोवर सोसा," असा सल्ला यावर सर्रास दिला जातो. तो मला मान्य नाही. डोक्याबाहेर आलेला केस हा मृत तंतू असतो. त्याला कशाची सवय होत नाही, त्याच्यावर थर साचतो. साबणातील मेदाम्ले, म्हणजे तेलातून आलेली आम्ले, पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी बांधली गेली की न विरघळणारा साका तयार होतो. न्हाणीघरातल्या बादलीच्या आतल्या कडेला पाण्याच्या रेषेवर जो करडा, बुळबुळीत पट्टा धरतो, तोच हा साका, आणि केसांवरही तोच बसतो. म्हणून वडी फेकण्याआधी बादलीकडे पाहावे, असे मी प्रत्येकीला सांगते.

तपासणीपूर्वी केस एकदा मोकळे करून घ्यावेत

आधीचा थर डोक्यावर असताना केलेली कोणतीही तपासणी फसवी ठरते, कारण उपाय बरोबर असला तरी जुना साका तसाच राहतो आणि उपाय चुकला असे वाटते. त्यासाठी घरात असेल तो साधा बाजारी शॅम्पू घ्यावा, मात्र त्याच्या घटकांच्या यादीत डायसोडियम ईडीटीए किंवा टेट्रासोडियम ईडीटीए असे नाव आहे का ते पाहावे. हा घटक कॅल्शियमला धरून ठेवतो, त्यामुळे साका सुटायला मदत होते. शॅम्पू दोनदा लावावा, दुसऱ्या वेळी दोन-तीन मिनिटे केसांवर राहू द्यावा आणि मग भरपूर पाण्याने धुवावा. खाण्याच्या सोड्याने केस घासण्याची पद्धत मी सुचवत नाही. अल्कलीमुळे फुगलेल्या केसांवर पुन्हा अल्कलीच लावली जाते, आणि टोके अधिकच खरखरीत होतात.

पैसा न लागणारी तपासणी: न्हाण्याची पद्धत

पहिला प्रश्न तेलाचा आहे. रात्री वाटीभर खोबरेल तेल मुरवून सकाळी एकदाच वडी फिरवली, तर तेवढे तेल काढण्याची ताकद त्या फेसात नसते. अर्धे तेल आणि अर्धा साबण असे मिश्रण केसांवर राहते आणि दोष वडीला दिला जातो. वडी वापरायची असेल त्या दिवशी तेल दोन छोट्या चमच्यांपुरते ठेवावे, किंवा वडी दोनदा लावावी.

दुसरा प्रश्न वडी कशी लावली जाते याचा आहे. कोरड्या किंवा अर्धवट ओल्या केसांवर वडी थेट घासली की साबणाचा जाड पट्टा एका जागी बसतो. केस निथळेपर्यंत ओले करावेत, वडी तळहातांवर घोळून फेस करावा आणि तो बोटांच्या पेरांनी टाळूला लावावा. लांबीला वेगळा साबण लागत नाही. उतरत्या फेसाने ती धुतली जाते.

तिसरा प्रश्न खळबळण्याचा, आणि मुंबईत अर्ध्याहून अधिक तक्रारी माझ्या अनुभवात येथेच मिटतात. पाण्याच्या वेळा सांभाळून बादली-मगाने अंघोळ करणाऱ्या घरांत केसांच्या वाट्याला अर्धी बादली येते. फेसाळ हातांनी मग पुन्हा पुन्हा त्याच बादलीत बुडतो, चौथ्या मगापासून बादलीतले पाणीच साबणाचे झालेले असते, आणि शेवटी आपण केस साबणाच्या पाण्याने "धुतो". हे पटत नसेल तर न्हाणे झाल्यावर बादलीच्या तळाचे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन खिडकीच्या उजेडात धरावे. ते गढूळ दिसले, तर तेच पाणी आपल्या केसांवरून शेवटी गेले आहे. उपाय सोपा आहे: केसांच्या शेवटच्या धुण्यासाठी चार-पाच लिटर स्वच्छ पाणी वेगळ्या भांड्यात आधीच काढून ठेवावे आणि त्यात हात घालू नयेत. मान खाली घालून मानेवरच्या केसांवरून तेवढेच पाणी सावकाश ओतावे, कारण साबण सर्वांत जास्त तेथेच अडकतो.

एवढे करून सलग तीन न्हाणी पाहावीत. फरक पडला, तर पुढे वाचण्याची गरज नाही.

पाणी

मुंबईच्या नळाला येणारे पालिकेचे पाणी अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात जलाशयांतून येते. ते पावसाचे साठवलेले पाणी असल्यामुळे बोअरच्या पाण्यापेक्षा बरेच हलके असते, आणि निव्वळ पालिकेच्या पाण्यावर साबणाची वडी सहसा नीट चालते. अडचण सोसायटीच्या टाकीत होते. उन्हाळ्यात पाणीकपात लागली की टँकर मागवला जातो, कुठे बोअरचे पाणी वरच्या टाकीत मिसळले जाते, आणि चौथ्या मजल्यावर न्हाणाऱ्या बाईला त्याचा पत्ता नसतो. माझ्या घरी पहिल्यांदा केस बिघडले तो मे महिना होता. त्याच वडीने दादरला आईकडे न्हाले की केस सुटसुटीत, आणि कांदिवलीला घरी न्हाले की मेणचट, असे दोन आठवडे चालले होते. वडी तीच, डोके तेच, हात तेच. बदलले होते ते फक्त पाणी. सोसायटीच्या रखवालदाराला विचारल्यावर कळले, की महिनाभर रोज एक टँकर टाकीत रिकामा होत होता.

हे घरच्या घरी तपासता येते. एकाच मापाच्या दोन पारदर्शक बाटल्या घ्याव्यात. एकीत न्हाणीघरातले २०० मिली पाणी आणि दुसरीत तेवढेच आरओचे पाणी घ्यावे. पावसाळ्यात पागोळ्यांखाली थेट धरलेले पाणीही चालते. फक्त यूव्ही असलेले यंत्र पाण्याचा जडपणा काढत नाही, म्हणून ते पाणी तुलनेला उपयोगी नाही. दोन्हींत वडीचा चिमूटभर कीस सारखाच टाकून तो विरघळू द्यावा आणि झाकण लावून बाटल्या दहा-दहा वेळा हलवाव्यात. आरओच्या बाटलीत दाट फेस आणि दुसरीत तुटपुंजा फेस व पांढुरके कण तरंगताना दिसले, तर पाणी जड आहे. शाळेच्या पुस्तकात यालाच दुष्फेन पाणी म्हटले जायचे. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसल्या, तर पाण्याला दोष देऊ नये. एकच बाटली पाहून निष्कर्ष काढणे टाळावे, कारण वडीत माती किंवा जास्तीचे तेल असले तरी पाणी गढूळ होते. फरक कळतो तो तुलनेतूनच.

गिझरच्या तोटीवर किंवा बादलीतल्या हीटरच्या कांडीवर पांढरी खपली धरत असेल, तर तीही याच जडपणाची खूण आहे. अशा पाण्यातला काही जडपणा उकळल्याने खाली बसतो, पण सगळा जात नाही. रोजच्या न्हाण्याला पाणी उकळणे शहाणपणाचे नाही; शेवटच्या धुण्याचे चार लिटर पाणी तेवढे आरओचे वापरावे, किंवा टँकर येतो त्या दिवसांत वडी बंद ठेवून रिठा-शिकेकाईने न्हावे. रिठ्याचा फेस त्यातल्या सॅपोनिन या नैसर्गिक घटकांमुळे येतो आणि जड पाण्यात त्याचा साबणासारखा साका होत नाही. आपल्या आज्या विहिरीच्या पाण्यावर केस सुटे ठेवत, त्याचे एक कारण हे आहे.

आंबट पाणी, पण योग्य वेळी

साबणाच्या वडीचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप (७ मध्यम, त्याखाली आम्ल, वर अल्कली), ९ ते १० च्या दरम्यान असतो. डोक्याच्या त्वचेचा साधारण ५.५ असतो आणि केसाचा त्याहूनही खाली. अल्कलीत केस फुगतो, त्याच्या पृष्ठावरचे खवले उचलले जातात आणि केस एकमेकांत अडकतात. सौम्य आम्लाने ते पुन्हा खाली बसतात. म्हणून साबणाच्या वडीनंतर आंबट पाण्याचा हात फिरवणे आवश्यक आहे, असे मी मानते. तो वाटला तर करायचा उपचार नाही.

प्रमाण असे: १ लिटर पाण्यात १ मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, साधे पांढरे व्हिनेगर, अथवा पाव छोटा चमचा, म्हणजे सुमारे १ ग्रॅम, सायट्रिक ॲसिड. लिंबू वापरायचे असेल तर अर्ध्या लिंबाचा रस फडक्यातून गाळून घ्यावा, कारण त्याचे तंतू केसांत राहतात. हे पाणी केसांवर ओतून एक मिनिट ठेवावे आणि साध्या पाण्याने धुवावे. डोळे मिटलेले असावेत आणि डोक्यावर ओरखडा असेल त्या दिवशी हे करू नये. लिंबाचा रस केसांत आणि मानेवर ठेवून उन्हात जाणे तर कटाक्षाने टाळावे. त्याने त्वचेवर काळे डाग किंवा फोड येऊ शकतात.

येथे एक चूक फार जणी करतात, आणि तिच्यामुळे उपायानेच रोग वाढतो. साबण पूर्ण निघण्याआधीच त्या आंबट पाणी ओततात. याचा परिणाम पाहायचा असेल, तर एका वाटीत वडीचा थोडा कीस पाण्यात विरघळवून त्यात व्हिनेगरचे आठ-दहा थेंब टाकावेत. पाणी क्षणात दुधासारखे फुटते आणि थोड्या वेळाने वर तेलकट साय धरते. आम्लाने साबण मोडला, त्यातली मेदाम्ले सुटी झाली आणि ती पाण्यात विरघळत नाहीत. डोक्यावर हेच घडले की केस पहिल्यापेक्षा अधिक चिकट होतात. म्हणून आधी साबण पूर्ण खळबळून काढावा. ओला केस दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढावा. बुळबुळीत लागला तर अजून साबण आहे. बुळबुळ गेल्यावरच आंबट पाणी घ्यावे.

वडीची अवस्था

येथपर्यंत सर्व ठीक असेल, तर आता वडी हातात घ्यावी. साबण तयार होताना त्यात ग्लिसरीन राहते आणि ते हवेतले पाणी ओढते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत वडीला घाम सुटल्यासारखे थेंब येतात आणि खालची बाजू लापशीसारखी होते. ती लापशी केसांवर गेली तर एका न्हाण्यात तिप्पट साबण लागतो. वडीचे तुकडे करून एका वेळी एकच बाहेर ठेवावा, तो जाळीच्या साबणदाणीत निथळू द्यावा, आणि उरलेले कोरड्या खोलीत कागदात ठेवावेत.

वडीवर केशरी ठिपके असतील आणि जुन्या, खवट तेलाचा वास येत असेल, तर त्यातले तेल खराब झाले आहे. अशी वडी केसांना लावू नये. वडी कधी पाडली होती ती तारीखही पाहावी. चार ते सहा आठवडे वाळू न दिलेली वडी मऊ असते आणि हातात फार झिजते, म्हणून मी प्रत्येक वडीच्या कागदावर तारीख लिहिते.

पीएच पट्टी

पीएचच्या पट्ट्या स्वस्त असतात. वडीचा १ ग्रॅम कीस १०० मिली डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात विरघळवून त्यात पट्टी बुडवावी. ओल्या वडीवर थेट दाबलेली पट्टी भलताच आकडा दाखवते. ९ ते १० आले तर वडी साबण म्हणून ठीक आहे. ११ किंवा त्याहून वर आले, तर त्यात न लागलेला कॉस्टिक सोडा शिल्लक असण्याची शक्यता धरावी आणि ती वडी डोक्याला तर नाहीच, अंगालाही लावू नये. जिभेचे टोक लावून "झटका" बसतो का पाहण्याची पद्धत काही जण सांगतात. पट्टी मिळत असताना जीभ पणाला लावण्याचे कारण नाही.

कृती, म्हणजे सर्वांत अवघड भाग

ही तपासणी स्वतः वडी करणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना वडी कोणी दिली आहे, त्यांनी देणाऱ्या व्यक्तीला हे प्रश्न विचारावेत.

साबणात थोडे तेल मुद्दाम शिल्लक ठेवतात, म्हणजे कॉस्टिक सोडा हिशेबापेक्षा कमी घेतात. अंगाच्या साबणात ही सूट ७-८ टक्के असते, पण केसांच्या वडीत मी ती ५ टक्क्यांवर जाऊ देत नाही. अंगाच्या साबणाची कृती घेऊन तिलाच केसांची वडी म्हटले जाते आणि वरून शिया बटर किंवा मेण घातले जाते. त्या वडीने केस मेणचट झाले, तर त्यात नवल नाही.

तेलांची अदलाबदल हे दुसरे कारण आहे, आणि ते धोक्याचेही आहे. १०० ग्रॅम खोबरेल तेलाचा साबण व्हायला सुमारे १८.३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, तर १०० ग्रॅम एरंडेलाला सुमारे १२.८ ग्रॅम. फेस वाढावा म्हणून कोणी ५०० ग्रॅम तेलांच्या कृतीत १०० ग्रॅम खोबरेलाच्या जागी एरंडेल घातले आणि सोडा तेवढाच ठेवला, तर ५.५ ग्रॅम सोडा जास्त होतो. एवढ्या कृतीत ५ टक्क्यांची सूट जेमतेम चार ग्रॅमची असते, म्हणजे ती सगळी संपून वडीत मोकळा सोडा उरतो. उलट अदलाबदल केली तर तेल शिल्लक राहते आणि वडी तेलकट होते. तेल बदलले की हिशेब नव्याने मांडावा, याला अपवाद नाही.

वजनकाटाही पाहावा. २५० ग्रॅम तेलाच्या छोट्या घाण्यात सोडा सुमारे ३६ ग्रॅम लागतो. १ ग्रॅमच्या टप्प्याने दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा १ ग्रॅम चुकला, तरी जवळजवळ ३ टक्क्यांची चूक होते. अशा कामाला ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा.

आणि सोड्याचा डबा. कॉस्टिक सोडा हवेतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढतो. पावसाळ्यात अर्धवट बंद राहिलेल्या डब्यात त्याचे कण एकमेकांना चिकटून ओले होतात. वजन भरते, ताकद कमी असते, आणि हिशेब बरोबर असूनही वडीत तेल जास्त उरते. माझी तिसऱ्या वेळची तक्रार यातून आली होती. दोन घाणे वाया गेल्यावर मी डब्याकडे पाहिले. तेव्हापासून सोडा लहान, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरण्यांत वाटून ठेवते.

जड पाणी कायमचेच असेल, तर कृतीतच तेलाच्या २ टक्के सायट्रिक ॲसिड घालता येते. सोड्याशी त्याचे सोडियम सायट्रेट होते आणि ते काही कॅल्शियम धरून ठेवते. मात्र १० ग्रॅम निर्जल सायट्रिक ॲसिड सुमारे ६.२ ग्रॅम सोडा खाते, तेव्हा तेवढा सोडा वाढवावा लागतो. न वाढवल्यास वडीत तेल उरते आणि आपण पुन्हा मूळ तक्रारीपाशी येतो. पाणी फारच जड असेल, तर साबणाचा नाद सोडून सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट या साबण नसलेल्या फेसाळ द्रव्याची वडी करावी. तिचा जड पाण्यात असा साका होत नाही आणि पीएचही केसांना मानवेल असा ठेवता येतो. त्याची पूड नाकात गेली की ठसका लागतो, म्हणून मळताना तोंडाला मास्क असावा.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

केसांवर नुकतीच रासायनिक स्मूदनिंग किंवा केराटिनची प्रक्रिया केली असेल अथवा रंग लावला असेल, तर यातली एकही तपासणी करत बसू नये. अल्कलीने रंग लवकर उतरतो. ज्यांनी प्रक्रिया केली, त्यांनाच विचारून शॅम्पू घ्यावा.

बाटलीच्या तपासणीत पाणी जड निघाले आणि इमारतीतल्या इतर घरांतही तशीच तक्रार असेल, तर हा घरचा प्रश्न राहत नाही. सोसायटीकडे टाकीच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी मागावी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. अहवालातला आकडा त्याशी ताडून पाहावा. बोअरचा आणि पालिकेचा पाइप कुठे जोडला आहे हे शोधणे प्लंबरचे काम आहे; ते रहिवाशांनी स्वतः करू नये.

डोक्यावर नाण्याएवढा गोल, केस नसलेला चट्टा दिसणे, लस किंवा पिवळी खपली येणे, मुलांच्या डोक्यात खाजरे, तुटक्या केसांचे चट्टे पडणे, अथवा वडी बंद करून दोन आठवडे झाल्यावरही खाज न थांबणे, यांपैकी काहीही असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक असते, पण आपल्या नेहमीच्या गळण्यापेक्षा ते ठळकपणे वाढले असेल, तर त्याचे कारण साबणाबाहेरचे असू शकते आणि आंबट पाण्याने त्याचा शोध लागणार नाही. केईएम, नायर आणि सायन या पालिकेच्या रुग्णालयांत त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. जाताना वडीचा तुकडा आणि तिच्यातल्या सर्व घटकांची यादी, सुगंधी तेलांसह, बरोबर न्यावी. ॲलर्जी कशाची हे शोधताना डॉक्टरांना तिचा उपयोग होतो.

वडी करताना सोड्याचे पाणी अंगावर उडाले, तर त्यावर व्हिनेगर ओतू नये. भिजलेले कपडे काढून वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे ती जागा धरावी. डोळ्यात गेले असेल, तर पापणी उघडी धरून लगेच तसेच धुणे सुरू करावे, आणि धुणे झाल्यावर बरे वाटले तरी थेट रुग्णालय गाठावे.